ह्यूस्टनच्या वादळी हवेत व्हिनायलचं कुंपण उभं राहील का?

प्रश्न थोडक्यात असा: ह्यूस्टनच्या दक्षिणेला पेअरलँडमध्ये घर. जुलै २०२४ च्या बेरिल वादळात मागच्या अंगणाचं लाकडी कुंपण आडवं झालं. आता तिथे १२० फूट लांब, ६ फूट उंच, पांढरं आणि आरपार न दिसणारं व्हिनायलचं, म्हणजे पीव्हीसी प्लॅस्टिकचं, कुंपण घालायचं आहे. कंत्राटदार म्हणतो ८ फुटांवर एक खांब, २ फूट खड्डा, ‘व्हिनायलला काही होत नाही’. शेजारी म्हणतात पुढच्या वादळात हेही उडेल. खरं कोणाचं, आणि काम स्वतः करता येईल का?

दोघांचंही अर्धंच खरं आहे. व्हिनायल कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही, रंग द्यावा लागत नाही. ह्यूस्टनच्या दमट हवेत हे मोठे गुण आहेत. पण वाऱ्याला कुंपण कशाचं आहे याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला दिसतं फक्त क्षेत्रफळ. म्हणून खरा प्रश्न ‘व्हिनायल की लाकूड’ हा नाही. ६ फुटी अखंड भिंतीवरचा जोर जमिनीत कसा उतरवायचा, हा आहे. तो सुटला तर व्हिनायल उत्तम. नाही सुटला तर पैसे दुप्पट आणि निकाल तोच.

आधी जोर किती ते पाहू. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी मैलांतल्या वेगाचा वर्ग करून ०.००२५६ ने गुणलं की दर चौरस फुटाला किती पाउंड ते साधारण कळतं. बेरिल किनाऱ्यावर आलं तेव्हा त्याचा वारा ताशी ८० मैलांचा होता. म्हणजे चौरस फुटाला १६ पाउंडांच्या वर. ८ फूट रुंद, ६ फूट उंच पॅनेल (दोन खांबांमधला भाग) ४८ चौरस फुटांचं, त्यावर जवळपास ७९० पाउंड. हा जोर सरासरी ३ फूट उंचीवर लागतो असं धरलं तर खांबाच्या बुंध्याशी मोडण्याचा रेटा २,३५० फूट-पाउंडांच्या आसपास. ताशी १०० मैलांना हाच आकडा ३,७०० च्या घरात जातो.

आता खांब बघा. ५ इंच बाय ५ इंच, भिंतीची जाडी ०.१५ इंच, हा बाजारातला चांगल्यापैकी खांब. पीव्हीसीची ताकद चौरस इंचाला साधारण ६,५०० पाउंड धरली तर असा रिकामा खांब २,५०० फूट-पाउंडांच्या जवळपास हात टेकतो. म्हणजे ८ फुटांवर रिकामे खांब रोवले तर बेरिलसारख्या पहिल्या श्रेणीच्या वादळातच ते अगदी काठावर उभे असतात. हा हिशेब ढोबळ आहे. जमिनीलगत वारा कमी असतो, घरांच्या आडोशाने आणखी घटतो, उलट दोन घरांच्या फटीतून तो वाढतो. पण अंदाज यायला पुरेसा आहे.

आणि एक गोष्ट या हिशेबात आलेलीच नाही. खांबात रेल, म्हणजे उभ्या फळ्यांना वर-खाली धरणाऱ्या आडव्या दांड्या, बसवण्यासाठी कारखान्यातच भोकं पाडलेली असतात. खालच्या रेलचं भोक जमिनीपासून दोन-चार इंचांवर येतं. म्हणजे जिथे रेटा सर्वांत जास्त, नेमकी तिथेच खांबाची भिंत कापलेली. वादळानंतर मोडलेली व्हिनायलची कुंपणं पाहिलीत तर खांब बहुतेक वेळा याच जागी तुटलेले दिसतात, काँक्रीट मात्र जमिनीत ठाम. म्हणून तुमचा पैसा आणि मेहनत खांबाच्या जमिनीवरच्या पहिल्या हातभर भागात जायला हवी. पॅनेलची नक्षी, टोप्यांचा आकार, हे सगळं नंतर.

त्यावर उपाय तीन आहेत आणि ते एकत्र वापरायचे असतात.

पहिला: खांबांतलं अंतर ८ ऐवजी ६ फूट. १२० फुटांत १५ पॅनेल आणि १६ खांबांच्या जागी २० पॅनेल आणि २१ खांब होतात. पाच खांब जास्त, पण प्रत्येकावरचा जोर पाव भागाने कमी.

दुसरा: वरचा एक फूट जाळीदार पट्टीचा घ्या, म्हणजे ५ फूट अखंड आणि १ फूट जाळी. रेट्याचा मोठा हिस्सा वरच्या फुटातून येतो, कारण तिथे तरफ सर्वांत लांब असते. जाळीने आडोसा फारसा जात नाही. अंगणात बसलेल्या माणसाचं डोकं ५ फुटांच्या खालीच असतं.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा: खांबाच्या पोटात काँक्रीट आणि सळ्या. अर्धा इंच जाडीच्या दोन सळ्या कर्णावरच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत उभ्या करा आणि खांब आतून जमिनीवर किमान १८ इंचांपर्यंत भरा. सळ्या खाली खड्ड्यातल्या काँक्रीटमध्ये दोन फूट तरी गेलेल्या असाव्यात. १८ इंचच का? त्या उंचीवर रेटा बुंध्यापेक्षा निम्म्याच्या थोडा वर उरतो आणि तेवढा रिकामा खांब पेलतो. उघड्यावरच्या बाजूला, मागे मैदान किंवा तळं असेल तर चारही कोपऱ्यांत सळ्या घाला. कोपऱ्याचे आणि फाटकाचे खांब मात्र वरपर्यंत भरायचे.

यात एक अडचण येते. १८ इंच भरायचं म्हणजे काँक्रीट खालच्या रेलच्या भोकाच्या वर जाणार. ते रेलमध्ये शिरलं की रेल कायमची जखडली. मग उन्हात ती लांबते तेव्हा तिला सरकायला जागा नसते आणि ती कमान होते. म्हणून खांबात घालण्याआधी रेलचं टोक फोमच्या तुकड्याने बंद करा आणि बाहेरून चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. पुढे एखादी रेल बदलायची वेळ आली तर ती निदान ओढून काढता येते.

काही जण साखळी-जाळीच्या कुंपणाचा गॅल्वनाइज्ड पाइप रोवून त्यावर व्हिनायलचा खांब चढवतात. पद्धत वाईट नाही. पाइप वाकतो, तुटत नाही, आणि वरचा खांब बदलणं सोपं जातं. पण २⅜ इंची पाइप दिसतो तेवढा मजबूत नसतो. त्याची वाकण्याची ताकद व्हिनायलच्या खांबापेक्षा फार जास्त नाही, साध्या पोलादाचा असेल तर कमीच. ‘आत स्टील आहे’ एवढ्यावर ८ फुटांचं अंतर मान्य करू नका. ॲल्युमिनियमची आतली पट्टी वापरणार असाल तर ओल्या काँक्रीटमध्ये जाणाऱ्या भागाला डांबरी रंग लावा. ओलं काँक्रीट ॲल्युमिनियम खातं.

आता जमीन. ह्यूस्टनच्या बऱ्याच भागात चिकट, फुगणारी माती आहे. स्थानिक लोक तिला गम्बो म्हणतात. विदर्भ-मराठवाड्यातली काळी कापसाची जमीन ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही ओळखीची वाटेल. मृदाशास्त्रात या दोन्ही व्हर्टिसॉल गटातल्याच. उन्हाळ्यात भेगा, पावसात फुगवटा. कुंपणाच्या दृष्टीने दोन धोके. कोरड्या दिवसांत माती काँक्रीटपासून सुटते आणि भोवती फट पडते. वादळ येतं तेव्हा आधी पाऊस येतो, फटीत पाणी भरतं, माती लोण्यासारखी होते, आणि मग वारा खांब हलवायला लागतो. लाकडी कुंपणं मुळासकट कलंडतात ती यामुळे. बाकीची बुंध्याशी कुजलेली असतात म्हणून मोडतात.

ह्यूस्टनला जमीन गोठण्याची चिंता नाही, म्हणून ‘२ फूट पुरे’ असं सांगणारे भेटतात. पण इथली खोली वाऱ्यासाठी आणि मातीसाठी लागते. १२ इंच व्यास आणि ३६ इंच खोली, यापेक्षा कमी नको. खोली दीडपट केली की पकड दीडपटीपेक्षा बरीच जास्त वाढते. खड्ड्याचा तळ तोंडापेक्षा दोन-तीन इंच रुंद ठेवा, हंडीसारखा. उलट आकार, म्हणजे वर पसरट आणि खाली निमुळता, हा सर्वांत वाईट. फुगणारी माती त्या पसरट कडेला खालून धरते आणि खांब वर्षागणिक वर ढकलते. घाईत पहारीने खणलेले खड्डे नेमके असेच होतात. ऑगरने, म्हणजे खड्डे पाडायच्या फिरत्या यंत्राने, खणलंत तर खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत, चकचकीत होतात. त्या पहारीने खरवडून घ्या, नाहीतर काँक्रीट मातीला धरत नाही.

तळाला खडी घालू नका. जवळजवळ प्रत्येक व्हिडिओत खडी घालायला सांगतात, पण ती सूचना पाणी झिरपणाऱ्या जमिनीची आणि लाकडी खांबाची आहे. चिकणमातीत खडीचा थर म्हणजे पाणी साठायचा हौद. आणि व्हिनायल कुजत नसल्यामुळे निचऱ्याची गरजही नाही. गॅल्व्हेस्टनच्या बाजूला वाळू असेल तर गणित वेगळं: तिथे आणखी खोल जावं लागतं आणि खड्ड्याच्या कडा ढासळतात, म्हणून पुठ्ठ्याची नळी घालून ओतावं लागतं.

खणण्याआधी ८११ ला फोन करा, निदान कामाचे दोन पूर्ण दिवस आधी. गॅस, वीज, केबल कुठून जातात त्याच्या खुणा ते फुकट करून देतात. अंगणातल्या फवाऱ्यांचे पाइप मात्र त्यांच्या यादीत नसतात, ते तुम्हालाच शोधायचे. एचओएची (वसाहतीच्या घरमालक संघटनेची) लेखी परवानगी, शहराचा परवाना लागतो का याची चौकशी, आणि सर्व्हेच्या नकाशावर मागच्या बाजूला युटिलिटीसाठी (वीज, गॅस, केबल) किंवा पाण्याच्या निचऱ्यासाठी राखलेला पट्टा आहे का, हे सामान मागवण्याआधी बघा. निचऱ्याच्या पट्ट्यावर अखंड कुंपण म्हणजे छोटा बांध. २०१७ च्या हार्वी वादळातल्या पुरानंतर ह्यूस्टनकरांना हे वेगळं सांगायला नको. कुंपणाच्या तळाशी दोन इंच फट ठेवाच, आणि कुत्रा निसटतो म्हणून ती मातीने बुजवू नका.

खरेदीत खांबाची लांबी नीट बघा. ६ फुटी कुंपणासाठी म्हणून दुकानात सहज मिळणारे बरेच खांब ८ फुटांचे असतात. ते घेतलेत की २ फुटांपेक्षा खोल जाताच येत नाही, कारण रेलची भोकं ठरलेल्या उंचीवर असतात. तुम्हाला ९ फुटी खांब हवेत. सरळ रेषेचे, कोपऱ्याचे, शेवटचे आणि फाटकाचे खांब वेगवेगळे असतात, भोकांची जागा निराळी. मोजून मागवा, वर एक जास्तीचा. मालावर एएसटीएम एफ ९६४ चा उल्लेख आहे का विचारा. कुंपणाच्या पीव्हीसीसाठीचं ते मानक. उन्हात पिवळं पडणं रोखायला टायटॅनियम डायऑक्साइड लागतं आणि स्वस्त मालात काटछाट तिथे होते. पांढरा रंग निवडलात हे बरं केलंत. गडद रंग टेक्ससच्या उन्हात जास्त तापतो आणि जास्त हलतो. घराच्या उष्णता-रोधक काचांच्या खिडक्या कुंपणासमोर जवळ असतील तर दुपारी परावर्तित ऊन कुठे पडतं ते आधी बघा. त्या झोताने व्हिनायल वितळल्यासारखं वाकडं होतं, आणि वॉरंटीत ते बहुधा बसत नाही.

काँक्रीट किती? १२ इंच व्यास, ३६ इंच खोल खड्डा म्हणजे २.३६ घनफूट. ८० पाउंडी पिशवीतून ०.६ घनफूट निघतं. खांबाच्या आतला भराव धरून खड्ड्याला चार पिशव्या. २१ खांबांना ८४, म्हणजे सुमारे ३ टन. हे दोन माणसांनी हाताने कालवायचं काम नाही. एक तर भाड्याचा मिक्सर आणि दोन शनिवार-रविवार, नाहीतर कमी माल पोचवणाऱ्याकडून दोन घनयार्ड तयार काँक्रीट. कोरडी पिशवी खड्ड्यात ओतून वरून पाणी सोडायची पद्धत पत्रपेटीच्या खांबाला ठीक, इथे नको. चिकणमातीच्या खड्ड्यात पाणी सारखं पोचत नाही आणि खांबाच्या आत तर मुळीच नाही.

उभारणीचा क्रम असा ठेवा. दोन्ही टोकांचे खांब आधी बसवा, वरून एक आणि खालून एक अशी दोरी ताणा. मग एक खांब, त्यात रेल, पुढचा खांब, असं जोडत जा. सगळे खांब आधी रोवून नंतर पॅनेल घालायला गेलात तर एखादा अर्धा इंच इकडे-तिकडे होतोच आणि रेल बसत नाही. प्रत्येक खांब दोन लगतच्या बाजूंनी ओळंब्यात घ्या आणि काँक्रीट घट्ट होण्याआधी अर्ध्या तासाने पुन्हा तपासा. काँक्रीट जमिनीपासून दोन इंच खाली थांबवा, वरचा भाग खांबापासून बाहेर उतरता करा, म्हणजे पाणी बुंध्याशी थांबणार नाही. एक-दोन दिवस टेकू राहू द्या. खांबात आतून भरायचं ते पॅनेल बसल्यावर, वरून, हळूहळू, सळीने हलवत.

रेल कापताना तापमानाचा विचार हवा. हिवाळ्यातली थंड सकाळ आणि ऑगस्टची दुपार यांत व्हिनायलच्या तापमानात ८० अंश फॅरनहाइटचा फरक सहज पडतो. तेवढ्यात ८ फुटी रेल सुमारे पाव इंच लांब होते, ६ फुटी त्याहून थोडी कमी. म्हणून खांबाच्या आत प्रत्येक टोकाला पाव इंच मोकळं ठेवा. कडाक्याच्या उन्हात काम करत असाल तर कमी चालेल, थंडीत थोडं जास्त. रेल खांबाला स्क्रूने गच्च आवळू नका.

वादळात खांब टिकले तरी दुसरी एक गोष्ट होते. रेल मधोमध वाकते, उभ्या फळ्या तिच्या खाचेतून निसटतात, एक निघाली की शेजारचीही सुटते, आणि पॅनेल चेन उघडावी तसं उलगडतं. खालच्या रेलमध्ये बहुतेक कंपन्या धातूची पट्टी देतात, वजनाने ती खचू नये म्हणून. वरची रेल मात्र पोकळ असते. वरच्या रेलमध्येही पट्टी मागा. खर्च थोडा, फरक मोठा. सगळं करूनही फळ्या निघाल्याच तर वाईट मानू नका. फळ्या गेल्या आणि खांब राहिले तर दुरुस्ती एका दुपारची, खांब गेले तर पुन्हा खणण्यापासून सुरुवात.

फाटकाबद्दल एकच आग्रह: ॲल्युमिनियमची चौकट असलेलं घ्या, बिजागऱ्यांचे स्क्रू आतल्या धातूत जाऊ द्या, आणि काँक्रीटला आठवडा झाल्याशिवाय ते टांगू नका. स्क्रू-कड्या स्टेनलेस स्टीलच्या, किनाऱ्याजवळ असाल तर ३१६ प्रतीच्या. पोहण्याचा तलाव असेल तर आपोआप बंद होणारं फाटक लागतं, त्याचे नियम शहराकडून घ्या.

दमट हवेने व्हिनायल बिघडत नाही, पण हिरवं-काळं होतं. शेवाळ आणि बुरशी व्हिनायल खात नाहीत, त्यावर बसलेल्या ओलसर धुळीवर आणि परागकणांवर वाढतात. म्हणून उत्तरेच्या आणि झाडाखालच्या बाजूला त्या आधी दिसतात. तीन भाग पांढरा व्हिनेगर, सात भाग पाणी, मऊ ब्रश, वर्षातून दोनदा. प्रेशर वॉशर जवळून मारलात तर पाणी खाचांतून आत शिरतं. खालच्या रेलला पाणी जायची भोकं आहेत ना, ती मातीने बंद झाली नाहीत ना, हेही तेव्हाच बघा. गवत कापायच्या दोरीच्या यंत्राने खांबाचे बुंधे चिरले जातात, आणि थंडीत पीव्हीसी ठिसूळ असताना जास्तच. खांबाभोवती चार इंच गवत वाढूच देऊ नका.

काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सांगतो. तुमच्या मागे दुसऱ्यांची घरं आणि कुंपणं असतील तर ६ फूट अंतर आणि १८ इंच भराव पुरेसा वाटतो. मागे उघडं मैदान किंवा पाणी असेल तर ५ फूट उंचीवर समाधान माना, किंवा फळ्यांत फटी असलेला प्रकार घ्या. आणि मे २०२४ मध्ये ह्यूस्टनच्या मध्यभागी आलं तसं ताशी १०० मैलांचं वारं थेट अंगावर आलं, तर कुठल्याच ६ फुटी अखंड कुंपणाची हमी कोणी देऊ नये. दिलीच तर कागदावर मागा. वॉरंटीत वाऱ्याचा वेग लिहिला असेल तर तो खांबांच्या कोणत्या अंतराला आणि कोणत्या भरावाला लागू आहे, हे तिथेच तपासा.

स्वतः करता येईल का? दोघं-तिघं जण, भाड्याचा ऑगर आणि सवड असेल तर हो. कठीण भाग फक्त खड्डे आणि ओळंबा, बाकी जोडकाम आहे. कंत्राटदाराला द्यायचं असेल तर त्याच्या कोटेशनमध्ये या गोष्टी लिहून घ्या: खांब ९ फुटी आणि त्याच्या भिंतीची जाडी, खांबांतलं अंतर ६ फूट, खड्डा १२ बाय ३६ इंच, आत सळ्या आणि भराव किती उंचीपर्यंत, वरच्या रेलमध्ये पट्टी. काँक्रीट ओतायच्या दिवशी टेप घेऊन स्वतः खड्डे मोजा. आणि त्याच मालातून एक खांब, दोन रेल, सहा-आठ फळ्या आणि चार टोप्या जास्तीच्या घेऊन गॅरेजच्या सावलीत आडव्या ठेवून द्या. काही वर्षांनी कंपनी तो साचा बंद करू शकते आणि मग तुटलेल्या एका फळीला जुळणारी फळी कुठेच मिळत नाही.